तुकडा तपासायला पाठवला, पुढे काय?

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झालेल्या दोन माणसांना एकच केमो, त्याच हिशेबाने, दर एकवीस दिवसांनी दिली जाते. एकाची गाठ दोन-तीन डोसांत विरघळते आणि पुढच्या हंगामात तो पेरणीला उभा राहतो. दुसऱ्याची गाठ थोडी बसते, पुन्हा वर येते आणि वर्षभरात घर मोडून पडते. आपल्याकडे या फरकाला नशीब म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांच्या संशोधनाने या नशिबाचा बराचसा भाग गाठीतल्या पेशींच्या जनुकांत असल्याचे दाखवून दिले आहे. कोणत्या जनुकात बिघाड आहे हे कळले, तर कोणते औषध चालेल आणि कोणते चालणार नाही याचा अंदाज आधीच बांधता येतो. प्रश्न एवढाच, की या ज्ञानाचा अमरावती-नागपूर महामार्गावरच्या तिवस्यातल्या रुग्णाला काय उपयोग?

माझे उत्तर असे आहे: उपयोग मोठा आहे, पण एका अटीवर. चाचणी, तिच्या निकालानुसार मिळणारे औषध आणि त्या औषधाचा झालेला परिणाम नोंदवणारी वही, या तिन्ही गोष्टी एकाच हक्काचे भाग मानल्या पाहिजेत. यातली एकटी चाचणी गावात आली, तर ती रुग्णाच्या हाती फक्त एक महागडा कागद देईल, आणि कधी कधी त्या कागदामुळेच उपचार थांबतील.

याच तालुक्यातल्या मोझरीला ११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला, तो कर्करोगाने. नागपुरातल्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे, आणि तिवसा तालुक्यातले अनेक रुग्ण त्याच नावाच्या फाटकातून आत जातात. १९६८ मध्ये लिम्फोमाची आजची केमो रूढ झालेली नव्हती. त्याआधी पंचवीसेक वर्षांपूर्वी, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात युद्धातल्या विषारी वायूपासून बनवलेले औषध लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिले गेले होते. गाठी वितळल्या, पण थोड्या काळासाठी. आधुनिक केमोथेरपीची ती सुरुवात. पुढे सत्तरच्या दशकात चार औषधांचा एक संच रूढ झाला: सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. त्यांच्या (दोघांच्या बाबतीत दुसऱ्या) इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘चॉप’ म्हणतात. १९९७ मध्ये रिटुक्सिमॅब आले. ते बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या अंगावरची विशिष्ट खूण ओळखून तिला चिकटते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात वयस्क रुग्णांना ‘चॉप’सोबत रिटुक्सिमॅब दिले, तेव्हा गाठी पूर्ण नाहीशा झालेल्यांचे प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये याच औषधाची स्वस्त देशी आवृत्ती आणली आणि जिल्ह्याच्या पातळीवरच्या रुग्णालाही ते मिळण्याची वाट उघडली.

प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारा आक्रमक लिम्फोमा म्हणजे मोठ्या बी-पेशींचा पसरट लिम्फोमा. त्यातले साधारण साठ टक्के रुग्ण या पाच औषधांनी बरे होतात. कर्करोगाच्या मानाने हे मोठे यश आहे, पण उरलेल्यांना दुसरी, अधिक कठीण लढाई लढावी लागते. असे का होते, हे वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाला वेगळे समजावून सांगायला नको. बीटी वाण आले तेव्हा बोंडअळी मेली. पण ज्या थोड्या अळ्या त्या विषाला पुरून उरल्या त्यांचीच पिलावळ वाढली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने शेते उद्ध्वस्त केली. गाठीतही तेच घडते. सगळ्या पेशी सारख्या नसतात. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी आधीपासून आत असतील तर बाकीच्या मरतात आणि त्याच उरतात, वाढतात. जनुकीय खुणांचा शोध म्हणजे या पुरून उरणाऱ्या पेशी उपचाराआधीच ओळखण्याचा प्रयत्न.

या शोधातला सर्वांत बोलका धडा आकड्यांच्या एका छोट्या मालिकेत आहे. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये अ‍ॅश अलिझादे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या लिम्फोमात जनुकांच्या हालचालीवरून दोन वेगळे प्रकार पडतात. चाळीस रुग्णांच्या त्या अभ्यासात एका प्रकारचे ७६ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. दुसऱ्या, ‘सक्रिय बी-पेशी’ प्रकारचे फक्त १६ टक्के. दोनच वर्षांनी २४० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात हे आकडे ६० आणि ३५ झाले. २००८ मध्ये रिटुक्सिमॅबसह उपचार झालेल्या रुग्णांचा अभ्यास आला, त्यात तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८४ आणि ५६ टक्के होते. हे आकडे एकाच मापाचे नाहीत. पाच वर्षांची आणि तीन वर्षांची तुलना थेट करता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. फरक टिकला, मात्र ‘वाईट’ प्रकारातल्या रुग्णाचे भविष्य आधी नमुना वाढल्यावर आणि मग औषध बदलल्यावर बदलले. म्हणजे जनुकीय खूण ही ललाटरेषा नाही. तिचा अर्थ त्या काळात हाताशी असलेल्या औषधावर अवलंबून असतो. खूण सांगणाऱ्याने औषधही सांगितले पाहिजे, हा माझ्या आग्रहाचा पाया इथेच आहे.

काही खुणांच्या बाबतीत हे काम झालेले आहे. सावकाश वाढणाऱ्या लिम्फोसाइटिक ल्युकेमियात, आणि गाठीच्या रूपात येणाऱ्या त्याच्या जुळ्या आजारात, टीपी-५३ हे जनुक बिघडलेले असेल किंवा सतराव्या गुणसूत्राचा तो तुकडाच गळून पडलेला असेल, तर नेहमीची केमो फारशी काम करत नाही. अशा रुग्णाला केमो टाळून इब्रुटिनिबच्या वर्गातली किंवा व्हेनेटोक्लॅक्ससारखी औषधे द्यावीत, हे आता जगभर मान्य आहे. इथे चाचणी न करता केमो देणे म्हणजे रुग्णाला त्रास आणि खर्च देऊन फायदा न देणे. दुसरे उदाहरण दुहेरी बिघाडाचे. मिक आणि बीसीएल-२ या दोन्ही जनुकांची जागा बदललेली असेल, तर पाच औषधांच्या संचाचे निकाल वाईट येतात, म्हणून अनेक केंद्रे अधिक तीव्र उपचार निवडतात. गुणसूत्रांवर रंगीत चमकणाऱ्या खुणा लावून केल्या जाणाऱ्या ‘फिश’ तपासणीत हा बिघाड दिसतो.

पण सगळ्या खुणा अशा पक्क्या ठरल्या नाहीत, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवे. माणसाला जन्मतः मिळालेल्या एका जनुकातल्या फरकावरून रिटुक्सिमॅबचा परिणाम ओळखता येतो, असे २००२ मध्ये फ्रान्समधल्या ४९ रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले आणि मोठी आशा निर्माण झाली. केमोसोबत रिटुक्सिमॅब दिलेल्या नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही. ‘सक्रिय बी-पेशी’ प्रकारासाठी नेहमीच्या संचात इब्रुटिनिब घालून पाहिले. २०१९ च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांना फायदा झाला नाही, साठीच्या आतल्यांना मात्र झाल्याचे दिसले. २०२१ मध्ये त्याच चाचणीतले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा तरुण रुग्णांपैकी विशिष्ट जनुकीय गटांत फायदा ठळक होता. यातून समजते ते असे, की जाळे मोठ्या भोकांचे असेल तर मासा निसटतो. आणि असेही, की एका अभ्यासावरून उत्साहाने बाजारात आणलेली चाचणी विकत घेण्याची घाई करू नये. शहरांतल्या खासगी प्रयोगशाळा शेकडो जनुकांचे पॅनेल विकतात. त्यातल्या किती जनुकांच्या निकालाने याच रुग्णाचा उपचार बदलणार आहे, हा प्रश्न डॉक्टरला विचारणे हा नातेवाइकांचा अधिकार आहे. उत्तर ‘एकाही नाही’ असे असेल, तर ते पैसे औषधाला राहू द्यावेत.

आता तिवस्याकडे येऊ. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून दाखवली जात नाही. मग बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे. ही सगळी लक्षणे क्षयाचीही आहेत, आणि आपल्याकडे मानेतल्या गाठीचे क्षय हे फार नेहमीचे कारण आहे. त्यामुळे ‘टीबीची गाठ’ समजून गोळ्या सुरू होतात. कधी ते बरोबर असते. पण जंतूचा पुरावा नसताना सुरू केलेला टीबीचा कोर्स चालू असेपर्यंत गाठीत लिम्फोमा असेल तर तो महिनोन्‌महिने वाढत राहतो. मग कुणीतरी सुई टाकून तपासते. सुईने निघालेल्या थोड्या पेशींवरून कर्करोगाचा संशय येतो, लिम्फोमाचा प्रकार मात्र बहुतेक वेळा ठरत नाही. त्यासाठी गाठ पूर्ण काढून तपासावी लागते. तिथे गावातली जुनी भीती आडवी येते: ‘गाठीला चाकू लागला की रोग पसरते.’ ही भीती खोटी आहे. लिम्फोमात गाठ काढून तपासल्याने रोग पसरत नाही. न तपासल्याने उपचार चुकतात.

आणि गाठ काढल्यानंतरचा अर्धा तास ठरवतो की पुढे जनुकांची तपासणी होईल की नाही. काढलेली गाठ योग्य प्रमाणातल्या, बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये लगेच गेली पाहिजे. ती सलाईनमध्ये पडून राहिली, साध्या कडक फॉर्मेलिनमध्ये आठवडाभर राहिली, किंवा कापडात गुंडाळून वाळली, तर आतला डीएनए तुटतो. मग नागपूर, मुंबई किंवा अमेरिका, कुठलीही प्रयोगशाळा त्यातून पक्के उत्तर काढू शकत नाही. प्रयोगशाळेत त्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा बनतो. तो नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढे नवी चाचणी आली की त्याच ठोकळ्यावर करता येते. जनुकीय औषधशास्त्राची पहिली पायरी अशा रीतीने तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शस्त्रक्रियागृहातल्या एका बाटलीत आहे. ती बाटली बरोबर असावी यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. प्रशिक्षण लागते आणि जबाबदारी लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीर आहे. ज्या गावात रक्ताची साधी तपासणी वेळेवर होत नाही, तिथे जनुकांच्या गप्पा कशाला? आधी पाया, मग कळस. मला हा आक्षेप मान्य नाही, कारण औषध चालेल की नाही हे सांगणारी जनुकीय चाचणी ग्रामीण भारतात आधीच पोचली आहे. ती क्षयाची आहे. गोव्यातल्या मोल्बिओ कंपनीचे ट्रूनॅट यंत्र आणि त्याआधीपासूनचे सीबीनॅट यंत्र क्षयाच्या जंतूचे जनुक तपासून रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही, हे काही तासांत सांगतात. ट्रूनॅट लहान आहे, बॅटरीवर चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे.

ही चाचणी गरिबाला परवडणार नाही, असे आज कुणी म्हणत नाही. कारण ती एकटी आली नाही. औषधाला न जुमानणारा क्षय निघाला, तर त्यावरची वेगळी, महाग औषधे तोच कार्यक्रम मोफत देतो, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवतो. चाचणी, औषध आणि नोंद या तिन्ही गोष्टी एका धाग्यात आहेत, म्हणून ती गावात रुजली. त्या कार्यक्रमात उणिवा आहेत, कधी औषधांचा तुटवडाही होतो. तरी आराखडा योग्य आहे. लिम्फोमाला हाच आराखडा हवा. क्षयासाठी जे शक्य झाले ते लिम्फोमासाठी अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने कारण द्यावे. लिम्फोमाचे रुग्ण क्षयाच्या तुलनेत फार थोडे आहेत, आणि संख्या थोडी असणे हा खर्च परवडण्याच्या बाजूचा मुद्दा आहे.

पायाभूत तपासण्याही फार महाग नाहीत. २००४ मध्ये मांडलेल्या हान्स पद्धतीत गाठीच्या कापावर सीडी-१०, बीसीएल-६ आणि मम-१ या तीन प्रथिनांचे रंग चढवून लिम्फोमाच्या दोन प्रकारांचा ढोबळ अंदाज घेता येतो. जनुकांच्या संपूर्ण तपासणीइतका तो अचूक नाही, पण सुरुवात आहे. दुसरे उदाहरण आणखी साधे. मोठी गाठ केमोने झपाट्याने फुटली की रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. ते टाळायला रासब्युरिकेज हे औषध देतात. पण ज्याच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे, त्याच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. ही कमतरता विदर्भातल्या अनेक समाजांत आढळते, आणि तिची तपासणी स्वस्त आहे. रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी कावीळ-बी तपासणे तसेच अत्यावश्यक. रुग्णाच्या जनुकांचा आणि औषधाचा संबंध इतका जवळचा, इतका व्यवहारी आहे.

पैशाचा प्रश्न उरतो. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. या योजनेमुळे केमोचे डोस असंख्य घरांना जमीन न विकता मिळाले, हे मोठे काम आहे. पण तिचा गाभा भरती होऊन घेतलेल्या, ठरलेल्या दराच्या उपचारांचा आहे. लिम्फोमाचे निदान मात्र त्याआधी, बाह्यरुग्ण विभागात आणि प्रयोगशाळेत होते, आणि तिथेच कुटुंबाचा खिसा रिकामा होतो. म्हणून माझी मागणी नेमकी आहे: लिम्फोमाच्या निदानाचा संच, म्हणजे पूर्ण गाठ काढणे, प्रथिनांचे रंग, आणि डॉक्टरच्या निर्णयासाठी खरोखर गरज असलेली ‘फिश’ किंवा टीपी-५३ तपासणी, योजनेत स्वतंत्र हक्क म्हणून घ्यावा. त्या निकालावर अवलंबून असलेली औषधेही त्याच यादीत असावीत.

‘महाग आहे’ हे उत्तर अंतिम नाही. २०१२ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने ४० कर्करोग औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा किमती ८० टक्क्यांच्या आसपास खाली आल्या. चाचण्यांची अशीच एकत्र खरेदी का होऊ नये? मुंबई आयआयटी आणि टाटा स्मारकने तयार केलेली ‘नेक्सकार-१९’ ही पेशी-उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली, आणि वारंवार उलटणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमासाठी ती अमेरिकेतल्या किमतीच्या दशांशाच्या आसपास मिळू लागली. तरीही ती तिवस्याच्या शेतमजुराच्या आवाक्यात नाही. पण किंमत दहा पटींनी उतरू शकते, हे इथल्याच माणसांनी सिद्ध केले आहे. पुढचे पाऊल सरकारचे आहे.

आता सर्वांत नाजूक बाब. जनुकीय निकाल चुकीच्या रीतीने सांगितला तर तो माणूस मारतो. ‘तुमच्या गाठीत वाईट जनुक आहे’ एवढेच ऐकून घरचे हिशेब करतात: शेत गहाण टाकायचे, पोरीचे लग्न पुढे ढकलायचे, आणि माणूस तर जाणारच. मग केमो थांबते. पण खूण समूहाची शक्यता सांगते, समोरच्या माणसाचे भविष्य सांगत नाही. ‘वाईट’ गटातलेही पुष्कळ रुग्ण बरे होतात. विदर्भाला याचा अनुभव आहे. या भागातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. तेव्हापासून आजपर्यंत या भागाने पाहिले आहे, की चाचणी समजावून सांगितली तर माणसे स्वतःची काळजी घेतात, आणि नुसता शिक्का मारला तर मुलींची लग्ने मोडतात, समाजाला नावे ठेवली जातात. जनुकीय निकाल देणाऱ्या प्रत्येक केंद्रात तो मराठीत, निवांत बसून समजावणारा माणूस असलाच पाहिजे. ही सोय ऐच्छिक नाही. ती उपचाराचा भाग आहे.

नोंदीचा मुद्दा याला जोडूनच येतो. २०१६ च्या एका आढाव्यानुसार जनुक आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या जागतिक अभ्यासांत सुमारे ८१ टक्के माणसे युरोपीय वंशाची होती. त्यांच्यात सापडलेली खूण कोरकू, कुणबी, बौद्ध, माळी किंवा मुस्लिम रुग्णाला तशीच लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही. ‘जीनोम इंडिया’ने देशातल्या दहा हजार लोकांची जनुकीय माहिती गोळा केली, पुण्यातून भारतीय कर्करोग जनुक-संग्रहाचे काम सुरू झाले आहे, दोन्ही आनंदाच्या गोष्टी आहेत. पण लिम्फोमाच्या खुणा इथे पारखायच्या तर इथल्या रुग्णांना कोणती केमो मिळाली आणि नंतर काय झाले, हे गावापर्यंत जाऊन नोंदवावे लागेल. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी गावोगाव फिरून केली. जे बार्शीला जमले ते तिवस्याला जमेल. इथल्या माणसांचे रक्त आणि गाठी संशोधनाला जात असतील, तर त्यातून तयार होणारे औषध आणि चाचणी त्यांना परवडणाऱ्या दरात मिळण्याची अट आधीच करारात लिहिलेली असावी.

विज्ञान आपले काम करत आहे. कमी पडतो आहे तो आपला आग्रह. अमरावती आणि अकोल्याच्या आमदारांनी, जिल्हा परिषदेने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी दोन कामे या वर्षीच हाती घ्यावीत: गाठ काढणाऱ्या प्रत्येक सरकारी शस्त्रक्रियागृहात फॉर्मेलिन आणि नमुना हाताळण्याचे प्रशिक्षण, आणि लिम्फोमाच्या निदान-संचाचा जन आरोग्य योजनेत समावेश. दोन्हींना नवा शोध लागत नाही.

आणि वाचकाला सांगायचे ते एवढेच. तुमच्या घरात कुणाला न दुखणारी गाठ तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ असेल, तर ती दाखवा. टीबीचे औषध सुरू करण्याआधी जंतूची तपासणी मागा. तुकडा पाठवला असेल तर प्रकार कोणता निघाला ते लिहून घ्या, आणि मेणाचा ठोकळा जपून ठेवायला सांगा. रुग्णालय बदलताना तो मागून सोबत न्या. कोणतीही महाग चाचणी सुचवली गेली, तर विचारा: निकाल असा आला तर औषध बदलेल का, आणि ते औषध आम्हाला मिळेल का? हे दोन प्रश्न प्रत्येक तपासणीच्या टेबलापाशी विचारले जाऊ लागले, तर उत्तर देण्याची सवय व्यवस्थेला लागेल.